ट्रकचालकांवरील टीका

२२ नोव्हेंबर २०२१, सोमवार

केळी-भराईच्या मैदानाची भिंत आज संपवली. ‘टीका लगवाइए, जीवन बचाइए.’ पिवळं अक्षर, काळा काठ. भिंतीचं पोट पुढे आलेलं आहे, त्यामुळे ‘जीवन’मधला ‘व’ दोनदा पुसून काढावा लागला. आरोग्य खात्याचे बाबू सावलीत उभं राहून म्हणाले, “वसंतजी, इतना क्या नाप रहे हो, सुई का ही तो लिखना है।” मी पट्टी पुन्हा लावली. बुऱ्हाणपुरात फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा बाकीच्या पेंटरांनी ब्रश सोडले. मी टिकलो तो मापामुळे. शाळा नववीत सुटली, पण मराठी आणि हिंदी दोन्ही व्याकरणं मी जुनी पुस्तकं आणून स्वतःची स्वतः शिकलो. कोणता शब्द कोणत्या भाषेत काय करतो, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. हिंदीत टीका म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे निंदा. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या या गावातले लोक दोन्ही भाषा एकत्र कालवतात, माझ्या डोक्यात मात्र दोन डबे वेगळे ठेवलेले आहेत.

घरी अलकानं हातावर पाणी घालता घालता विचारलं, “सगळ्या गावाला टोचून घ्या म्हणून सांगत सुटलात. तुमचं कधी?”

तिचे दोन्ही डोस झाले, तेव्हापासून ती जरा वरच्या पट्टीत बोलते. माझी कारणं तिला माहीत आहेत. उन्हाळ्यात अंगात आधीच उष्णता असते. पावसाळ्यात टोचलेलं चिघळतं. नवरात्रात उपास होते, दिवाळीत कामं होती. सुईच्या भीतीचा प्रश्नच नाही. मी फक्त योग्य ऋतूची वाट बघतो आहे.

२४ नोव्हेंबर, बुधवार

केळी व्यापाऱ्यांच्या कमिटीनं नियम काढला. ज्या ड्रायव्हरकडे दोन्ही डोसांचं सर्टिफिकेट नाही, त्याच्या गाडीत उद्यापासून माल भरायचा नाही. संध्याकाळी शनवारा चौकात गोटूच्या चहाच्या गाडीपाशी लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, हे लोक दिल्ली-पंजाब हिंडतात आणि आजार घेऊन येतात. दुसरा म्हणे, केळी काय व्यापारी डोक्यावर नेणार का? कापडवाल्या शेटजींनी तर ड्रायव्हर लोकांचं खाणंपिणं, आंघोळ, सगळंच काढलं.

तेवढ्यात लीलाधर आला. हा माझा शाळेपासूनचा सोबती. दापोऱ्याला राहतो, स्वतःच्या ट्रकनं केळी दिल्लीला नेतो. त्याच्या गाडीवरचं एकूण एक अक्षर माझ्या हातचं. गोटूनं सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला आणि लीलाधरला कागदी कपात, तोही लांब हात करून.

लीलाधर कपाकडे बघत म्हणाला, “गोटूभाऊ, लॉकडाउनमधी तर तू माझ्या गाडीवर फुलं टाकली होती.”

“तेव्हा धंदा बंद होता ना भाऊ,” गोटू म्हणाला, “वेळ होता.”

सगळे हसले. लीलाधरही हसला, पण चहा तसाच ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, “वशा, सुईशी माझं भांडण नाही. पण घे नाही तर चूल बंद, हे कोण सांगणार मला? उद्यापासून आम्ही गाड्या उभ्या करतोय.”

मी म्हटलं, “माझा कुठलाच पक्ष नाही. पेंटरला फक्त अक्षर असतं.”

तो म्हणाला, “बरं आहे तुझं.” हे त्यानं कौतुकानंच म्हटलं असावं.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

मैदानाबाहेर चाळीसेक ट्रक ओळीनं उभे आहेत. फ्लेक्सवाल्यानं त्यांचा बॅनर छापायला नकार दिला, कारण त्याचा काका कमिटीत. म्हणून दुपारी लीलाधरचा फोन आला. मागे इंजिनांचा आवाज, घोषणा.

“वशा, कापडावर लिहून दे. घे लिहून. टीका आमच्यावर लादू नका.”

“काय?”

“टीका, टीका. लादू नका. मोठं लिही. रावेरकडचे ड्रायव्हर पण आहेत, मराठीत पाहिजे.” आणि फोन बंद.

कापड ताणून खडूनं ओळी मारल्या आणि थबकलो. टीका लादतात का? माल लादतात. टीका करतात. लीलाधर दिवसभर माल लादतो, म्हणून त्याच्या तोंडात तेच क्रियापद बसलंय. मराठीत पाहिजे म्हणाला, म्हणजे मराठी डब्यातला अर्थ. कालचा कागदी कप माझ्या डोळ्यांसमोर होताच, शेटजींनी काढलेली आंघोळही होती. त्याला काय बोचलंय ते मी ओळखलं आणि वाक्य दुरुस्त केलं.

‘ट्रकचालकांवरील टीका त्वरित थांबवा.’

पिवळ्या कापडावर लाल. ‘त्वरित’मधली वेलांटी तर अशी उतरली की मीच थोडा वेळ बघत बसलो. एका पोराबरोबर कापड पाठवून दिलं.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅनर लागला. भिंतीच्या अगदी समोर, दोन ट्रकांच्या मध्ये. माझीच दोन कामं समोरासमोर. हिंदी पेपरवाल्यानं मधे उभं राहून फोटो काढला, दोन्ही अक्षरं एकाच चौकटीत यावीत म्हणून दोनदा मागे सरकला. त्याला हस्ताक्षरातलं कळतं असं दिसलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

पेपरात मोठा मथळा: ‘ट्रक चालकों की मांग, टीकाकरण तुरंत बंद हो’. खाली तो फोटो. भिंत म्हणते लगवाइए, कापड म्हणतं थांबवा.

सकाळीच बाबूंचा फोन. “वसंतजी, दीवार पे कुछ, कपड़े पे कुछ। आप हैं किसकी तरफ?” मी त्यांना मराठीतला अर्थ समजावून सांगितला. ते म्हणाले, “भाई, ये बुरहानपुर है।” आणि पुढच्या भिंती दुसऱ्याला दिल्या.

अकराच्या सुमारास लीलाधर दुकानात आला. बसला नाही.

“मी काय सांगितलं होतं तुला?”

“तू सांगितलंस ते व्याकरणात बसत नव्हतं.”

“व्याकरणात बसवायला सांगितलं होतं का मी?” तो म्हणाला. “जबरदस्ती नको, एवढंच म्हणायचं होतं. आता कमिटी म्हणते, हे तर लसीचेच दुश्मन, यांच्याशी काय बोलायचं. उद्याची बैठक रद्द केली. पुढच्या आठवड्यात खंडव्याहून गाड्या मागवणार आहेत. एकदा बाहेरच्या गाड्या लागल्या ना वशा, तर आमचा सीझन गेला.”

“पण मराठीत त्याचा अर्थ सरळ आहे. निंदा थांबवा.”

“मराठीत वाचणारे हसतायत. म्हणतात, बघा, ड्रायव्हर लोकांना राग आला. आणि हिंदीत वाचणारे अंगावर धावून येतायत. तुझ्या दोन्ही डब्यांत आमचंच नुकसान.” मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “सरकारी भिंतींचं काम जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंस का?”

यावर खरं म्हणजे पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हटलं, “वाक्य शुद्ध आहे.”

तो गेला. वाक्य शुद्ध आहे, हे मी आत्ताही म्हणतो.

२८ नोव्हेंबर, रविवार

रविवारी लीलाधर जेवायला येतो, तसा आज आला नाही. येतोच असा काही नियम नाही. मावा जिलेबी आणलेली होती. दोघांना जास्त झाली.

अलका बराच वेळ फोनवर होती. कुणाशी म्हणून विचारलं तर म्हणाली, “मालूबाईशी. पापडाचं चाललंय.” मालूबाई म्हणजे लीलाधरची बायको. नवऱ्यांचं बोलणं बंद आणि बायकांचे पापड चालू. बायकांना प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात उखर्डू आला. खकनारकडचा म्हातारा ड्रायव्हर, लीलाधरबरोबर संपावर बसलेल्यांपैकी. मला वाटलं भांडायला आला. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “पेंटरभाऊ, मले काई वाचता येत नाही. पोरानं वाचून दाखवलं त्या कापडावर काय हाय ते. मराठीतलं.”

“मग?”

“मले तर तेच बरोबर वाटलं. सुई काय, घेऊन टाकू एखांद्या दिवशी. पन परवा धाब्यावर पोरानं माहं ताट दुरून सरकवलं, कुत्र्याले सरकवते तसं. ते कोन थांबवनार?” मग हसला. “पन लीलाधरले नका सांगू. तो लई तापेल हाय तुमच्यावर.”

“काय म्हणतो?”

“काईच नाही म्हनत. तुमचं नाव निंघालं का गाडीखाली घुसते अन् नट आवळत बसते. समदे नट आवळून झाले आता.”

मी त्याला चहा मागवला. काचेच्या ग्लासात.

१ डिसेंबर, बुधवार

अलकाचा भाऊ योगेश तुकईथडला खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याच्या पाटीचा रंग उडालाय म्हणे आणि ती उद्याच रंगवायला हवी म्हणे. मी म्हटलं, रंग वर्षापूर्वीच दिलाय, तो माझा रंग आहे, उडणार नाही. अलका म्हणाली, “उन्हाचं काही सांगता येतं का?”

मग भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, “उद्या तिथं लसीचं शिबिर पण आहे. लहान गाव, गर्दी नाही, ओळखीचं कुणी नाही. बघा बाई, तुमचा ऋतू बसतोय का.”

डिसेंबर हा तसा कोरडा आणि थंड महिना. जखम चिघळत नाही. मी म्हटलं, विचार करीन. शिवाय सरकारी भिंती लिहिणाऱ्या माणसानं बुऱ्हाणपुरात पहिल्या डोसाच्या रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही. हे मी तिला बोललो नाही.

२ डिसेंबर, गुरुवार

हे सविस्तर लिहितो.

सकाळी मोटारसायकलवर निघालो. अलकानं डबा दिला तो चार माणसांना पुरेल इतका. तिचा अंदाज अलीकडे चुकायला लागलाय. डब्यावर तापाच्या गोळ्यांची एक पट्टीही ठेवलेली. कशाला, तर म्हणे असू द्या, वाऱ्यानं डोकं दुखतं.

योगेशची पाटी खणखणीत होती. तसं त्याला म्हटलं तर तो म्हणाला, “हो का भावजी? मग शिबिरात जाऊन या तोवर.”

शिबिर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. रांगेत पाच-सहा बायका, एक म्हातारा आणि त्याच्या पुढे डोक्याला मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस. मफलर नाकावरून असा घेतलेला की फक्त डोळे दिसावेत. चालणं मात्र लपत नाही. डावा पाय क्लचवर घासून घासून किंचित बाहेर पडतो, तो तसाच पडत होता.

मी लगेच खांबामागे झालो. पण नर्सनं हाक मारली, “ओ दादा, खांबामागचे, या, रांगेत या. काही नाही होत.” तो वळला.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ड्रायव्हरांचा पुढारी आणि भिंतींचा पेंटर, दोघं तुकईथडला.

त्याचा नंबर आला. नर्सनं विचारलं, “पहिला का दुसरा?”

“दुसरा,” लीलाधर म्हणाला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग माझा नंबर आला. “पहिला का दुसरा?” लीलाधर तिथंच दंड दाबून उभा. मी शक्य तितक्या खालच्या आवाजात म्हणालो, “पहिला.”

“जोरात बोला दादा.”

“पहिला,” लीलाधरच म्हणाला. “लिहा ताई, पहिला. यानं जिल्ह्यातल्या सगळ्या भिंती रंगवल्यात.”

सुई फारशी टोचली नाही. मी डोळे मिटले होते ते धूळ उडत होती म्हणून. उघडले तेव्हा लीलाधरनं माझं मनगट धरलेलं होतं. नर्स त्याला म्हणाली, “झालं, सोडा आता त्यांना.”

बाहेर लिंबाखाली बसलो. अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती होती, त्यामुळे दोघांनाही उठून जाता येईना.

“पहिला कधी घेतलास?”

“जुलैत. लुधियान्याकडे, हायवेवर शिबिर होतं. घेतला आणि रात्रीपासून ताप. दोन दिवस केबिनमधी पडून होतो. मागे केळी पिवळी पडली, व्यापाऱ्यानं घेतली नाही. ते नुकसान कुणी भरून दिलं? कुणी नाही. उखर्डू आणि बाकीचे त्यालाच भितात. सुईला नाही, तापाला. ताप आला तर गाडी कोण हाकणार?”

“मग सांगितलं का नाहीस कुणाला? एक डोस झालाय म्हणून?”

“सांगितलं तर ते म्हणतील, तुझं झालं ना, मग तू जा.” तो म्हणाला. “आणि दुसरा मला माझ्या मर्जीनं घ्यायचा होता. कमिटीच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणून इतक्या लांब.”

“आता दोन्ही झाले. उद्या गाडी भरू शकतोस.”

“भरू शकतो.” त्यानं सर्टिफिकेटचा मेसेज आलेला मोबाइल खिशात टाकला. “दाखवणार नाही. उखर्डूची गाडी भरेल त्या दिवशी माझी भरेल. आणि वशा, हे तुझ्या तोंडातून कुठं बाहेर नाही पडलं पाहिजे. तुला सवय आहे मधेच दुरुस्ती सांगायची.”

मी म्हटलं, मी तसा माणूस नाही. तो हसायला लागला तो थांबेना. मग मी डबा उघडला. त्यानंही पिशवीतून डबा काढला, मालूबाईनं दिलेला, त्यातही चारजणांचं. आणि वर तापाच्या गोळ्यांची पट्टी, हुबेहूब तीच कंपनी. काय योगायोग असतात. लीलाधर दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, “तू इथं कसा आलास?”

“पाटी रंगवायला. अलका म्हणाली. तू?”

“मालू म्हणाली, योगेशकडून खत आण.” तो पुन्हा हसला. कशाला ते मला कळलं नाही. खताच्या भावावरून असेल.

निघताना म्हणाला, “दुसरं कापड करून दे. दोन्ही भाषांत एकच अर्थ निघेल असं. आणि मी सांगीन तेच लिही.”

“तू काही सांगितलंच नाहीस अजून.”

“मग तूच काढ. पण मला विचारून.”

खकनारपर्यंत त्याच्यावर विचार करत आलो. तिथं गाडी थांबवून फोन केला. “‘सुई मर्जीची, जबरदस्ती नको’. कसं वाटतं?”

“बस,” तो म्हणाला. “याच्यात काही सुधारू नको.”

३ डिसेंबर, शुक्रवार

अंगात कणकण. हा ताप नव्हे, टर्पेंटाइनच्या वासानं होतं. कापड पूर्ण केलं. ‘जबरदस्ती’चा ‘ज’ थोडा थरथरला आहे, कुणाच्या लक्षात येणार नाही.

दुपारी लीलाधरचा फोन. “ताप आहे का?”

“नाही. तुला?”

“नाही.”

मग तो म्हणाला, “चल, मी जरा पडतो.” मी म्हटलं, मीही.

४ डिसेंबर, शनिवार

नवं कापड लागलं आणि हिंदी-मराठी दोघांनी एकच वाचलं. दुपारी कमिटीचे चारजण मैदानावर बोलायला आले. पुढे कापडवाले शेटजी, त्यांची केळीतही भागीदारी आहे. मी दोरी सैल झाली म्हणून शिडीवर होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

लीलाधरनं मागणं मांडलं. लसीचं शिबिर इथंच मैदानावर लावा. ज्याला ताप येईल त्याची गाडी दोन दिवस थांबेल, तिचा भराईतला नंबर जाणार नाही. एक डोस झालेल्याला आत्ता माल द्या, दुसऱ्याला मुदत द्या. बोलणं नीट चाललं होतं. मग शेटजी बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो. पण हा माणूस स्वतः घाबरतोय आणि या लोकांच्या आड लपतोय. यानं एक सुई टोचून घेतली नाही अजून. एक नाही.”

उखर्डू लीलाधरकडे बघत होता, सगळे ड्रायव्हर बघत होते. लीलाधरचा हात शर्टाच्या खिशापाशी गेला, जिथं मोबाइल होता. तिथं थोडा थांबला. मग त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

“घाबरतो मी,” तो म्हणाला. “ताप आला तर माल कोण पोचवेल, याला घाबरतो. हे सगळे पण घाबरतात. त्याचं बोला.”

शेटजींच्या वाक्यात ढळढळीत चूक होती. एक नाही म्हणाले होते, झालेल्या होत्या दोन, आकडाच चुकीचा. मी शिडीवर उभा, तोंड उघडलेलं, आणि खालून लीलाधरनं वर पाहिलं. मी दोरीची गाठ मारली. मग तीच सोडून पुन्हा मारली. गाठ चांगली होती, पण हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

तासाभरानं कमिटीनं मान्य केलं. उद्या मैदानावर शिबिर. खंडव्याच्या गाड्या रद्द.

५ डिसेंबर, रविवार

उखर्डूनं सुई घेतली. घेताना आईला हाक मारली, जी बहुधा फार पूर्वी वारलेली असावी. सगळे हसले आणि रांग भराभर पुढे सरकली. लीलाधर पाण्याचे ग्लास वाटत होता. पेपरवाला त्याला म्हणाला, “आप भी लगवाइए, फोटो लेते हैं।” तो म्हणाला, “मैं बाद में।” पेपरवाल्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जेवायला तो आणि मालूबाई आमच्याकडे होते. अलका आणि मालूबाई स्वयंपाकघरात कशावरून तरी सारख्या हसत होत्या. पापड अजून झालेले दिसत नाहीत.

७ डिसेंबर, मंगळवार

आज उखर्डूची गाडी भरली, तिच्या मागोमाग लीलाधरची. भराईवाल्यानं सर्टिफिकेट मागितलं. लीलाधरनं त्याला बाजूला नेऊन मोबाइल दाखवला. त्यानं तारीख वाचली, लीलाधरकडे पाहिलं आणि घड चढवायला सांगितले. संध्याकाळी दोन्ही गाड्या दिल्लीला निघाल्या.

शनवाऱ्यावर अजून तेच चाललेलं. एक म्हणे, बघा, शेवटी झुकलाच लीलाधर, कमिटीनं वाकवला. दुसरा म्हणे, झुकला कुठं, शिबिर लावायला लावलं की त्यानं. तिसऱ्याला आतल्या गोटातून कळलं होतं की त्यानं अजून घेतलेलीच नाही, सर्टिफिकेट खोटं आहे. तिघांच्या तिन्ही वाक्यांत चुका. मी मोजत होतो.

गोटू चहा गाळत म्हणाला, “पेंटर, तू तर त्याचा दोस्त. तूच सांग, खरं काय?”

सगळे माझ्याकडे वळले. एरवी ते माझ्याकडे असे कधी वळत नाहीत, मलाच मधे पडावं लागतं.

“मला काय माहीत,” मी म्हटलं, आणि बशीत चहा ओतला.